ठरवायचं कुणी?

सकाळी किती वाजता उठायचं, कोणते कपडे घालायचे, संध्याकाळी कुणाशी गप्पा मारायच्या, दिवा कधी मालवायचा. मोठ्या माणसाला या गोष्टी कुणी विचारत बसत नाही, त्या त्याच्या त्यानेच ठरवायच्या असतात. आता त्याच वयाच्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या एखाद्याचा दिवस बघा. त्याला उठवलं जातं. कपडे काढून ठेवलेले असतात. टीव्हीवर काय लागणार, खिडकी उघडी राहणार की बंद, हे दुसरंच कुणीतरी ठरवतं. तो संस्थेत राहत असेल तर साडेआठला दिवे जातात, कारण कर्मचाऱ्यांची पाळी तेव्हा बदलते. त्याच्यावर कुणी हात उगारत नाही, कुणी उपाशी ठेवत नाही. घरी माया असते, चांगल्या संस्थेत स्वच्छता असते. तरीही सकाळपासून रात्रीपर्यंत त्याने स्वतः ठरवलेली एकही गोष्ट शोधून सापडत नाही.

विकासात्मक अपंगत्वाचा विषय निघाला की आपण शिक्षण, उपचार, आर्थिक मदत यांवर बोलतो. या सगळ्याची गरज आहेच. पण डाउन सिंड्रोम असलेली, स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेली माणसं मोठी होतात, त्यांना आवडीनिवडी असतात, राग असतो, प्रेमात पडावंसं वाटतं, हे लक्षात घेऊन केलेली व्यवस्था फार थोड्या ठिकाणी दिसते. माझं म्हणणं स्पष्ट आहे. या माणसांचे निर्णय कायमचे दुसऱ्याच्या हाती सोपवणारी पद्धत, म्हणजे कायद्यातलं संपूर्ण पालकत्व आणि घराघरांत चालणारं त्याचं अलिखित रूप, बंद व्हायला हवी. तिच्या जागी निर्णय घ्यायला मदत करणारी माणसं आणि त्यासाठी लागणारा पैसा उभा करायला हवा.

हा विचार नवा नाही. स्वीडनमध्ये पालकांच्या संघटनेत काम करणाऱ्या बेंग्ट निर्ये यांनी १९६९ मध्ये एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी मोठमोठ्या तत्त्वांऐवजी दिवसाचा क्रम मांडला. अपंगत्व कितीही तीव्र असो, माणसाने सकाळी अंथरुणातून उठून कपडे बदलावेत. माणसं कमी आहेत म्हणून कुणाला लवकर झोपवू नये. धाकट्या भावंडांच्या आधी मोठ्याला अंथरुणावर पाठवू नये. राहण्याची जागा एक आणि दिवसभराच्या कामाची दुसरी असावी. आठवड्याला, वर्षाला, आयुष्याच्या टप्प्यांना इतरांसारखीच लय असावी. दिवे किती वाजता मालवायचे हा हक्काचा प्रश्न आहे, हे इतक्या साधेपणाने कुणी सांगितलेलं मला दुसरीकडे आढळलं नाही. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, स्वीडनमधल्याच माल्मो इथे बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ माणसं स्वतः परिषदेला जमली आणि राहणं, काम, मोकळा वेळ यांबद्दलच्या मागण्या त्यांनीच मांडल्या. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये अशाच लोकांनी ‘पीपल फर्स्ट’ नावाची चळवळ सुरू केली. म्हणजे ‘यांना बोलता कुठे येतं’ हा आक्षेप पन्नास वर्षांपूर्वीच खोडून निघालेला आहे.

दुसऱ्याच्या वतीने, त्याच्या भल्यासाठी ठरवण्याची मुभा मिळाली की गोष्टी कुठवर जातात, हे विसाव्या शतकाने दाखवलं आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये व्हर्जिनिया राज्याचा सक्तीच्या नसबंदीचा कायदा वैध ठरवला. ज्या तरुणीवरून हा खटला चालला तिचं नाव कॅरी बक. तिला ‘मंदबुद्धी’ ठरवून संस्थेत ठेवलं होतं. तिच्यावर बलात्कार झाला होता आणि त्यातून तिला मूल झालं होतं. शाळेतली तिची प्रगती चारचौघींसारखीच होती, हे पुढे उघड झालं. तिच्या बाजूने उभा राहिलेला वकीलही संस्थेशी संगनमत करून होता. तिची बहीण डोरिस हिचीही नसबंदी झाली. तिला मात्र अपेंडिक्सचं ऑपरेशन केल्याचं सांगण्यात आलं. मूल का होत नाही हे डोरिसला कळलं तेव्हा ती म्हातारी झाली होती. त्या देशात अशा कायद्यांखाली ६०,००० हून अधिक लोकांची नसबंदी झाली. स्वीडनमध्येही, जिथे पुढे निर्ये लिहिणार होते, १९३० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंत सुमारे ६०,००० नसबंद्या झाल्या. त्यांतल्या किती जणींनी खरोखर मनापासून होकार दिला होता, यावर तिथे पुढे बराच वाद झाला.

नाझी जर्मनीने याच्या पुढचं टोक गाठलं. जानेवारी १९४० ते ऑगस्ट १९४१ या काळात ‘टी-४’ मोहिमेत संस्थांमधल्या ७०,००० हून अधिक अपंग आणि मनोरुग्ण माणसांना विषारी वायूने मारलं गेलं. डॉक्टरांकडे छापील फॉर्म यायचे. जगायला नालायक ठरलेल्याच्या फॉर्मवर लाल अधिकचं चिन्ह, जगू द्यायचं त्याच्या फॉर्मवर निळं उणेचं. बहुतेकांना त्या डॉक्टरांनी कधी पाहिलंही नव्हतं. आजच्या पालकत्वाच्या आदेशांची तुलना मी या हत्याकांडाशी करत नाही. माझा मुद्दा कार्यपद्धतीचा आहे. माणसाला न भेटता, न विचारता, कागदावरून त्याच्या आयुष्याचा निकाल लावण्याची सवय तेव्हाही होती आणि सौम्य रूपात आजही आहे. कित्येक देशांत पालकत्वाचा अर्ज मंजूर होताना संबंधित माणूस न्यायालयात हजरही नसतो. वैद्यकीय प्रमाणपत्र पुरतं.

संपूर्ण पालकत्व म्हणजे नेमकं काय, हे पुष्कळ आई-वडिलांनाही अर्ज करताना पुरतं माहीत नसतं. बँकेचं खातं चालवता यावं, एखाद्या ऑपरेशनला संमती देता यावी, एवढ्यासाठी ते अर्ज करतात. हाती येतो तो आदेश मात्र कुठे राहायचं, कुणाला भेटायचं, लग्न करायचं की नाही, कोणते उपचार घ्यायचे, हे सगळंच दुसऱ्याकडे देतो, आणि अनेक देशांत त्याबरोबर मताधिकारही जातो. जेनी हॅच या अमेरिकी तरुणीचं प्रकरण २०१३ मध्ये गाजलं ते यामुळेच. तिला डाउन सिंड्रोम आहे. ती एका दुकानात काम करत होती, तिला मित्रमैत्रिणी होत्या, त्यातल्याच एका जोडप्याकडे तिला राहायचं होतं. पालकत्वाच्या तात्पुरत्या आदेशाने तिची रवानगी समूहनिवासात झाली. फोन आणि लॅपटॉप काढून घेतले गेले, काम सुटलं, मित्रांच्या भेटी बंद झाल्या. शेवटी व्हर्जिनियातल्या न्यायालयाने त्या जोडप्याला फक्त एका वर्षासाठी पालक नेमलं आणि त्या काळात तिला स्वतःचे निर्णय आधार घेऊन घेता येतील असं बघायला सांगितलं. जेनीला हवं होतं ते घर, काम आणि मैत्री. हे मिळवायला तिला वर्षभर कोर्टकचेरी करावी लागली.

संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार डिसेंबर २००६ मध्ये मंजूर झाला. त्याचं बारावं कलम सांगतं, की अपंग व्यक्तींना कायद्यापुढे स्वतःचे निर्णय घेण्याची इतरांइतकीच क्षमता आहे आणि ती वापरण्यासाठी लागणारी मदत पुरवणं हे सरकारचं काम आहे. एकोणिसावं कलम कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे निवडण्याचा हक्क देतं. बहुतेक देशांनी सही केली आणि आपले पालकत्वाचे कायदे तसेच ठेवले. पण काहींनी खरोखर बदलले. पेरूने २०१८ मध्ये, कोलंबियाने २०१९ मध्ये अपंगत्वाच्या कारणावरून माणसाला अक्षम घोषित करण्याची पद्धतच काढून टाकली. स्पेनने २०२१ मध्ये नागरी कायदा बदलून मदतीला मध्यवर्ती जागा दिली आणि वतीने निर्णय घेणं हे अपवादापुरतं ठेवलं. त्याआधी २०१८ मध्येच तिथे अक्षम ठरवलेल्या सुमारे एक लाख लोकांना मताधिकार परत मिळाला होता. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये चंदिगडच्या एका सरकारी संस्थेतल्या गर्भवती तरुणीच्या प्रकरणात, तिची संमती नसताना गर्भपात करता येणार नाही असं म्हटलं. तिला सौम्य स्वरूपाची बौद्धिक अक्षमता होती, तिच्यावर बलात्कार झाला होता, आणि तिला ते मूल हवं होतं. कॅरी बकच्या खटल्यानंतर ८२ वर्षांनी एका न्यायालयाने अशा तरुणीला काय हवं आहे, याला वजन दिलं.

यावर नेहमीचा आणि खरा आक्षेप असा, की ज्याला बोलताच येत नाही, ज्याचं आकलन अगदी लहान मुलाएवढं आहे, त्याने कसलं ठरवायचं? हा आक्षेप घेणारे बहुतेक जण रात्रंदिवस सेवा करणारे असतात, त्यामुळे त्यांना तत्त्व ऐकवून चालणार नाही. प्रत्यक्षात काय करायचं ते सांगायला हवं.

बोलता न येणाऱ्या माणसापुढे दोन शर्ट धरायचे. दोन्ही हात सारख्याच अंतरावर, चेहऱ्यावर कुठलाही कल न दाखवता. मग थांबायचं. इथेच आपलं चुकतं, कारण पाच सेकंदांत उत्तर आलं नाही की आपणच एक शर्ट पुढे करतो. कुणाला अर्धं मिनिट लागतं, कुणाला त्याहून जास्त. नजर एका शर्टावर ठरली, हात किंचित हलला, तरी एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. शर्टांची बाजू बदलून पुन्हा विचारायचं, कारण काही जण नेहमी उजवीकडचंच घेतात. दोन्ही वेळा तोच शर्ट निवडला तर तो घालायचा आणि वहीत लिहून ठेवायचं. कोणत्या माणसाने अंघोळ घातली की खांदे ताठ होतात, कोण आल्यावर आवाज निघतो, कोणत्या खोलीत नेलं की मान वळते, हेही त्या वहीत जातं. महिन्याभरात त्या वहीतून एक माणूस दिसायला लागतो. त्याने कुठे राहावं, हा मोठा प्रश्न उद्या आला, तर निदान त्याला काय सोसवत नाही आणि काय हवंहवंसं वाटतं हे सांगणारं काहीतरी हातात असतं. जिथे खरोखरच काही समजत नाही, तिथे त्याची इच्छा काय असेल याचा जास्तीत जास्त प्रामाणिक अंदाज घेऊन निर्णय घ्यावा, अशी त्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीची २०१४ मधली भूमिका आहे. ‘त्याच्या भल्याचं काय’ हा प्रश्न आपल्याला आपल्या मतांकडे नेतो. ‘त्याला काय हवं असेल’ हा प्रश्न त्या वहीकडे नेतो.

बोलता येणाऱ्यांच्या बाबतीत वेगळी अडचण असते. अधिकाराच्या माणसाने विचारलं की बौद्धिक अक्षमता असलेली पुष्कळ माणसं ‘हो’ म्हणतात. ‘तुला इथे आवडतं ना?’ हो. ‘तुला इथून जायचंय ना?’ हो. कुणाला नाराज न करण्याची ती वर्षानुवर्षांची शिकवण असते. म्हणून प्रश्न उलटसुलट करून, दोन दिवसांनी, वेगळ्या माणसाने पुन्हा विचारावा लागतो. फोटो दाखवावे लागतात, जागा प्रत्यक्ष दाखवून आणावी लागते. करारनामा, औषधाची माहिती, मतपत्रिका हे सगळं छोट्या वाक्यांत आणि चित्रांसह देता येतं आणि काही देशांत ते सर्रास दिलं जातं. एवढं केल्यावरही एखाद्याला कळलं नाही तर गोष्ट वेगळी. पण यातलं काहीच न करता ‘त्याला कळत नाही’ असं म्हणणं मला मान्य नाही.

मदत करणाऱ्याच्या हातून एक मोठा घोटाळा होऊ शकतो, तोही इथे सांगायला हवा. १९९० च्या दशकात न बोलणाऱ्या स्वमग्न मुलांचा हात धरून त्यांना टायपिंग करायला लावण्याची पद्धत झपाट्याने पसरली. मुलं अचानक लांबलचक वाक्यं लिहू लागली, घरोघरी आनंदाश्रू आले. मग चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र दाखवलं आणि हात धरणाऱ्याला दुसरं, तर टाइप झालेलं उत्तर हात धरणाऱ्याने पाहिलेल्या चित्राचं निघालं. त्या लोकांनी फसवणूक केली नव्हती. आपणच लिहितोय याची त्यांना जाणीवही नव्हती. आधाराच्या नावाखाली आपलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडी घालणं इतकं सोपं आहे. म्हणून मदतनीस एकटा असू नये, त्याचे पैशाचे हितसंबंध त्या माणसात गुंतलेले असू नयेत, आणि त्याने काय ठरवायला कशी मदत केली याची नोंद बाहेरच्या कुणीतरी वेळोवेळी तपासावी. पालकत्व रद्द करा म्हणणाऱ्यांनी या देखरेखीबद्दलही तितक्याच जोरात बोलायला हवं.

धोक्याचं काय? माणूस स्वतः बसने गेला तर चुकीच्या थांब्यावर उतरेल. पैसे हातात दिले तर कुणी फसवेल. प्रेमात पडला तर मन मोडेल. हे सगळं होऊ शकतं, आणि ते आपल्या सगळ्यांच्याच बाबतीत होतं. अपंगांच्या हक्कांसाठी लिहिणारे अमेरिकी लेखक रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्येच मांडलं होतं, की धोका पत्करण्यातही माणसाची प्रतिष्ठा असते आणि अति संरक्षणाने ती हिरावली जाते. मी त्यात सुरक्षिततेचीच एक बाजू जोडेन. ज्याला आयुष्यभर सांगेल ते ऐकायला शिकवलं, ज्याच्या अंगाला कुणीही न विचारता हात लावला, ज्याला शरीराबद्दल एक शब्द सांगितला नाही, तो लैंगिक अत्याचार करणाऱ्यालाही ‘नाही’ म्हणू शकत नाही. काय झालं हे सांगायला त्याच्याकडे शब्दही नसतात. रोज शर्ट निवडताना ‘हा नको’ म्हणण्याची सवय असलेली मुलगी जास्त सुरक्षित असते, असं माझं ठाम मत आहे. आणि बंद दारांमागची सुरक्षितता कशी असते तेही माहीत आहे. न्यूयॉर्कची विलोब्रूक ही सरकारी संस्था ४,००० जणांसाठी बांधली होती; १९६० च्या दशकात तिथे ६,००० हून अधिक जण कोंबलेले होते. १९७२ मध्ये दूरचित्रवाणीचा कॅमेरा आत गेला तेव्हा लोकांना दिसली ती उघडी, मळलेली, कण्हणारी मुलं. ती संस्था बंद व्हायला १९८७ उजाडलं.

दवाखान्यात हाच प्रश्न जिवाशी येतो. डॉक्टर आईकडे बघून विचारतात, ‘याला काय होतंय?’ पस्तिशीचा माणूस शेजारीच बसलेला असतो. तो गेले दोन आठवडे कानावर थापडा मारतोय. ‘यांच्यात असं वागणं असतंच’ म्हणून शांत राहण्याचं औषध लिहून दिलं जातं आणि कानात बॅटरी मारून बघायचं राहून जातं. संसर्ग असतो, दुखत असतं. लक्षण अपंगत्वाच्या खाती टाकून मोकळं होण्याची ही सवय डॉक्टरांना माहीत असते, तिच्यावर लिहिलंही गेलं आहे. तरी ती जात नाही, कारण रोग्याशी बोलायला जी दहा मिनिटं जास्त लागतात ती कुणाकडे नसतात.

ती दहा मिनिटं, ते अर्धं मिनिट थांबणं, या सगळ्याला पैसा लागतो. निर्णयाला आधार द्या असं कायद्यात लिहून ठेवायचं आणि आधार देणारी माणसं नेमायची नाहीत, ही तर शुद्ध फसवणूक आहे. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे पगार जवळपास सगळीकडे तुटपुंजे आहेत, माणसं टिकत नाहीत. दर सहा महिन्यांनी माणूस बदलला तर खांदे ताठ का होतात हे ओळखणार कोण? दुसरीकडे, अपंगांच्या श्रमाची किंमतही कमीच धरली जाते. अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने अपंग कामगारांना किमान वेतनाहून कमी पैसे द्यायची सोय करून ठेवली. आयोवातल्या अटालिसा गावी बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष टर्की पक्ष्यांच्या कारखान्यात दशकानुदशकं राबले. हातात महिन्याला ६५ डॉलर पडत आणि राहायला एक जुनी पडकी शाळा. २००९ मध्ये त्यांना तिथून बाहेर काढलं गेलं. २०१३ मध्ये ज्यूरीने ३२ जणांना मिळून २४ कोटी डॉलरची भरपाई जाहीर केली, पण कायद्यातल्या मर्यादेमुळे ती कापून अगदी थोडी उरली. इतकी वर्षं त्यांच्या वतीने सगळं कुणीतरी ‘बघत’ होतंच.

आई-वडिलांच्या मनात मात्र या सगळ्याच्या तळाशी एकच प्रश्न असतो: आमच्यानंतर काय? तो पूर्वी इतका टोकदार नव्हता. अमेरिकेत १९८३ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुर्मान पंचवीसच्या आसपास होतं, आज ते साठीच्या घरात आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या, कोंडून ठेवणाऱ्या संस्था बंद होऊ लागल्या, आणि लेकरं आई-वडिलांच्या मागे उरू लागली. या भीतीपोटीच पालकत्वाचा अर्ज होतो, भावाच्या नावाने सगळं लिहून ठेवलं जातं. पण पालकत्व एका माणसावर अवलंबून असतं, आणि तो माणूसही म्हातारा होतो, परदेशी जातो, कंटाळतो. त्यापेक्षा चार-पाच जणांचं वर्तुळ जास्त टिकाऊ: एखादं भावंड, एखादा शेजारी, कामावरचा सोबती, पगारी मदतनीस, आणि त्या सगळ्यांवर नजर ठेवणारी एखादी सार्वजनिक यंत्रणा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने कायदा करून अशा कराराला मान्यता दिली. तिथे पालकत्व न घेता आपली माणसं नेमता येतात, आणि पूर्ण कायदेशीर क्षमता सिद्ध करता आली नाही तरी कुणावर विश्वास आहे हे व्यक्त करता आलं तर दैनंदिन आणि आरोग्याच्या बाबींसाठी ते ग्राह्य धरलं जातं.

ही तयारी आई-वडील धडधाकट असतानाच सुरू करायला हवी. घराबाहेर दोन दिवस, मग आठवडाभर राहून बघणं. आवडीनिवडीची ती वही. कोणत्या आवाजाची भीती वाटते, झोप कशाने येते, दुखलं की तो कसा सांगतो, कुणाला पाहिलं की हसतो. आणि वर्तुळाची बैठक बसेल तेव्हा ज्याच्याबद्दल ती आहे त्याला शेजारच्या खोलीत खेळायला पाठवायचं नाही, त्याची खुर्ची टेबलापाशी ठेवायची. बैठकीला कुणाला बोलवायचं, याचं पहिलं नाव त्याच्याकडून घ्यायचं.